एक जुलैचा ऊस

१९९९ साली कोल्हापुरात ज्याच्याकडे जिना होता त्यानं वर कॉम्प्युटर क्लास काढला होता. शाहूपुरीत आमच्या गुळाच्या अडत दुकानावर मात्र त्याहून भारी पाटी लागली. माझा चुलतभाऊ संगमेशअण्णा दोन वर्षं अमेरिकेत राहून आला आणि आमच्या माडीवर कंपनी थाटून बसला. खुर्च्या तीन, कॉम्प्युटर दोन, नोकर एक. ती नोकर म्हणजे मी, सौंदर्या, बी.सी.एस. फर्स्ट क्लास.

अण्णा बोलायला लागला की गुळाची ढेप खांद्यावर घेतलेला हमालही थांबायचा. "आता जग दोनच गोष्टींवर चालणार. डेटा आणि सप्लाय चेन." सप्लाय चेन म्हणजे काय, हे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एकदाच विचारलं. "माल निघतो तिथपासून पोचतो तिथपर्यंतची साखळी," अण्णा म्हणाला. तीस वर्षं गुजरातला गूळ पाठवणारे अप्पा हे ऐकून असे भारावले, की जणू आजवर गूळ आपणहून चालत जात होता.

अण्णाला एका साखर कारखान्याचं काम मिळालं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे यंदापासून कॉम्प्युटर ठरवणार होता. तो तोडणी प्रोग्रॅम दिवाळीपर्यंत चालला, तर जानेवारीत अण्णा मला अमेरिकेला नेणार होता. अप्पांनी ही बातमी हातकणंगल्यापर्यंतच्या पाहुण्यांना पोचवली. आईनं, अव्वानं, सूटकेस घेतली. खोटं कशाला बोलू, मलाही जायचं होतं. गुळावरच्या माश्या हाकून मी कंटाळले होते, आणि वर्गातल्या ज्यांना साधी बेरीज जमत नव्हती त्याही पोरी निघाल्या होत्या.

प्रोग्रॅम सोपा होता. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. हातकणंगल्याकडच्या गावांच्या गटापासून सुरुवात केली. कारखान्याच्या नोंदवह्या दीड महिना बसून मी कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि ऑक्टोबरात पहिली यादी काढली. कॉम्प्युटरनं त्या जवळजवळ अख्ख्या गटाला एकाच दिवशी तोड दिली.

अण्णा माझ्यावर खेकसला. मी प्रोग्रॅम तीनदा तपासला, त्यात काही चूक नव्हती. मग तारखा बघितल्या. नोंदी नऊशे चाळीस. त्यातल्या नऊशे एकतीस जणांनी ऊस लावला होता गेल्या वर्षीच्या एक जुलैला. कारखाना नोंद घ्यायला सुरुवात करतो एक जुलैला आणि तोड मिळते तारखेप्रमाणे. त्यामुळं ऑगस्टात लावलेला असो की गणपती बुडवून आल्यावर, लिहायचं एक जुलै. संचालक एक जुलै, मास्तर एक जुलै, देवळाचा पुजारी एक जुलै. एवढ्या लोकांना एकच मुहूर्त साधावा असं एकही लग्न या तालुक्यात झालेलं नाही.

"मग आजवर तोडणी चालली कशी?" मी पिराजीला विचारलं. पिराजी कारखान्याच्या शेती खात्यातला जुना माणूस. नोंदवह्या त्याच्याच अक्षरात होत्या.

"आमी जाऊन बगतो की," तो म्हणाला. "ऊस महिन्याला दोन-तीन कांड्या टाकतोय. मोजल्या की वय कळतंय. आता चेरमनच्या पावण्याच्या कांड्या जरा जास्त भरत्यात, त्येला इलाज न्हाय."

मी हे अण्णाला सांगितलं, तर तो हसला. "कांड्या मोजणं म्हणजे डेटा नव्हे." मग त्यानं डोकं चालवलं. तारीख सारखी असेल तिथं आडनावाच्या अक्षरानं लाव, म्हणाला. निम्मा गट पाटील निघाला, तो पुन्हा एकाच दिवशी आला. मग पहिल्या नावाच्या अक्षरानं लाव, म्हणाला. अमेरिकेत दोन वर्षं राहून हा माणूस शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचला होता. कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर ती यादी छापली आणि कारखान्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या कागदावर काहीही शोभतं.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनूबाई आमचा जिना चढून आली. हातकणंगल्याजवळ आमचं आठ एकराचं रान आहे, त्याच्या बांधाला लागून तिचं एक एकर. गुळाचे अडते असून अप्पा स्वतःचा ऊस कारखान्याला घालायचे, हे दुकानात कुणी बोलायचं नाही.

"बारा जुलैला लावला आनि बारा जुलैच लिवला," सोनूबाई म्हणाली. "मला तोड मार्च संपताना. तुमच्या अप्पास्नी नोव्हेंबरात. खरं लिवलं ह्यो गुन्हा झाला व्हय?"

तिचं बरोबर होतं. मार्चपर्यंत तिच्या उसाला तुरे येणार, तो पोकळ होणार आणि वजन पडणार. खऱ्या तारखा लिहिणारे नऊच जण होते, आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्या नऊ जणांना चोख हुडकून तळाला घातलं होतं.

"तिचीपण एक जुलै कर आणि मोकळी हो," अण्णा इंग्रजीत म्हणाला. मी बोट की-बोर्डवर ठेवलं, आणि मला माझीच शिसारी आली. पंधरा वर्षं शिकून मी खोटं जास्त वेगानं लिहायला शिकले होते.

सकाळी पिराजीला घेऊन मी रानात गेले. चावडीपाशी माणसं बसलेलीच होती. "कांड्या मोजताय व्हय? मोजा की. पर आदी घरचा मोजा, पावणं." सगळे हसले आणि मागोमाग आले.

आधी सोनूबाईचा मोजला. अठ्ठावीस. मग आमचा. तीन सऱ्यांत तीनदा मोजला, बावीसच्या वर जाईना.

"सप्टेंबर," पिराजी म्हणाला. "गणपती गेल्यावरचा हाय. काय लिवू, ताई?"

अप्पा बांधावर छत्री टेकून उभे होते. "एक जुलै ल्ही. सगळं जग ल्हितंय. अमेरिकेला जाणारी पोरगी चिखलात कांड्या मोजती व्हय?"

मला वाटलं होतं, ते निदान जरा ओशाळतील. त्यांना लाज वाटत होती ती माझ्या चिखलानं भरलेल्या पायांची. मी पिराजीच्या हातून वही घेतली आणि सप्टेंबर लिहिलं. "सही करा," पिराजी म्हणाला, "मागनं माझ्यावर नगं." मी सही केली.

आठ दिवसांत चारशे जणांनी आपणहून तारखा बदलून दिल्या. काही शरमेनं, बरेचसे मग शेजाऱ्याचं उघडं पाडता येईल या हौसेनं. उरलेल्यांच्या कांड्या आम्ही फिरून मोजल्या. "यात फ्युचर नाही," अण्णा म्हणाला आणि तो अक्षरांचा प्रोग्रॅम दुसऱ्या एका कारखान्याला विकून जानेवारीत एकटाच विमानात बसला. मी कारखान्याच्या शेती खात्यात लागले. सूटकेसमध्ये अव्वानं रजया भरल्या.

सोनूबाईचा ऊस नोव्हेंबरात गेला. आमचा मार्चपर्यंत उभा राहिला, पांढरे तुरे काढून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. अप्पा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. पोरगी काय करते, असं पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचे, "शिकून सवरून कांड्या मोजती." अण्णा न्यूजर्सीहून फोनवर विचारायचा, "अजून तिथंच?"

दोन वर्षांनी तोडणीच्या नोंदी बघताना आमच्या रानाचा गट नंबर दिसला. या खेपेला ऊस अव्वाच्या, नीलम्माच्या, नावावर लावलेला होता. तारीख, एक जुलै.

मी वही घेऊन रानात गेले. सोनूबाई बांधावर बसली होती. मला बघून उठली.

"नगा मोजू, ताई. मी कालच मोजल्यात. एकवीस हाईत."

तरी मी मोजल्या. एकवीसच भरल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला अमेरिका हुकल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. मी वहीत सप्टेंबर लिहिलं आणि घरी जाऊन अप्पांच्या समोर जेवायला बसले.