कोंदट आवाज

सुदर्शनने गिटारच्या ॲम्पच्या जाळीसमोर बोटभर अंतरावर मायक्रोफोन उभा केला, स्टँडचा स्क्रू आवळला आणि ट्रेबलचं, म्हणजे उंच सूर उजळवणारं बटण आणखी थोडं पुढे सरकवलं. बटण आता जवळजवळ टोकाला आलं होतं. तरी गिटारचा आवाज कोंदटच येत होता, गोधडीखालून आल्यासारखा. ॲम्प म्हातारा झाला, असं स्वतःशी म्हणत त्याने गिटार बाजूला ठेवली.

"दार लावून घेतोय गं," तो स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला. "थोडा वेळ कलकलाट होईल."

त्याची बायको नम्रता गवार निवडत बसली होती. ती काहीतरी म्हणाली. तो "हं" म्हणाला.

या 'हं'वरून त्या घरात बरंच रामायण झालं होतं. मायक्रोवेव्ह ओरडून ओरडून गप्प होतो, दारावरची बेल वाजत राहते, साहेब ढिम्म. नम्रताचं म्हणणं असं, की ह्याचं लक्ष घरात नाहीच, सगळा जीव त्या ॲम्पच्या पेटीत. सुदर्शन वाद घालत नसे. त्यालाही तसंच वाटायचं, आणि मनातून थोडं अपराधीही.

आठवडाभर हिंजवडीला जाऊन तो दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा. रविवार मात्र बँडचा. बँड कॉलेजपासूनचा: अभिनव गायचा, सूरज बेस वाजवायचा, सुदर्शन गिटार. त्याची बोटं बेताचीच होती, हे तिघांनाही माहीत होतं. पण कान. भर मांडवात, ढोलताशा चालू असताना, कुठली तार केसभर उतरली आहे ते हा पठ्ठ्या लांबून सांगायचा. 'सुदर्शनला विचार' म्हटलं की वाद मिटायचा. एवढ्यावर त्याने बँडमध्ये वीस वर्षं मानाने काढली होती.

आता त्यांचा पहिला अल्बम होत होता. बिबवेवाडीतल्या फ्लॅटमध्ये हा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प रोज मोठ्याने वाजवणं शक्य नव्हतं, म्हणून सुदर्शन कॉम्प्युटरकडून त्याची नक्कल करून घ्यायचा आणि तिच्यातून निघालेला टोन दोघांना पाठवायचा. पद्धत सोपी. एक ठरावीक ध्वनिफीत ॲम्पमधून वाजवायची. तिच्यात खरखर असते, टिकटिक असते, खालून वर चढत जाणारा सूर असतो. ॲम्पने तिचं काय केलं ते मायक्रोफोनने टिपायचं. मग न्यूरल नेटवर्क नावाचा शिकणारा प्रोग्राम दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून बघतो आणि ॲम्पच्या खोडी शिकून घेतो. शेवटी किती चुकलं त्याचा आकडा देतो. हल्ली तो आकडा फुगून येत होता. सुदर्शनने त्याचं खापर आधी केबलवर फोडलं, मग मायक्रोफोनवर, मग कॉम्प्युटरवर.

तशात शुक्रवारी अभिनवचा मेसेज आला. 'टोन टोचतोय रे. कानात सुई घातल्यासारखा. सूरजपण तेच म्हणतोय.'

'हेडफोन बदला,' सुदर्शनने लिहिलं.

'सगळे बदलून झाले. आमचे कानच स्वस्तातले असतील. तू एकदा परत करून बघ, नाहीतर फायनल मिक्स सूरज करेल.'

सुदर्शनला ते फार लागलं. सगळ्यांचे आवाज जुळवायचा हा मिक्स सूरजने करायचा, मग आपण त्या बँडमध्ये कोण? सतरंज्या उचलणारे? आज असा टोन पाठवायचा, की दोघांचीही तोंडं बंद झाली पाहिजेत.

त्याने खिडकी लावली, फीत सुरू केली आणि खुर्चीत मागे टेकला. खरखर झाली, टिकटिक झाली, सूर चढत गेला आणि मावळला. नेहमी असंच होई. नम्रता रविवारी एरवी बहिणीकडे जायची, त्यामुळे हे सगळं तो एकटाच ऐकत आला होता. फीत संपली. खोली कशी शांत झाली. या शांततेत त्याला बरं वाटायचं.

दार ढकलून नम्रता आत आली. दोन्ही हात कानांवर, बोटांना गवारीच्या शिरा चिकटलेल्या.

"बंद कर ना ते! डोकं फुटायची वेळ आली."

"बंदच आहे. केव्हाच संपलं."

"मग हे काय वाजतंय?"

ती थट्टा करतेय असं त्याला वाटलं. पण थट्टेचा चेहरा नव्हता तो. खिडकीच्या काचेतून समोरची बाल्कनी दिसत होती. तिथली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून कपाळाला आठ्या घालून इकडेच बघत होती. सुदर्शनने स्क्रीनकडे पाहिलं. फीत संपलेली होती. मायक्रोफोनला किती आवाज पोचतोय ते दाखवणारी रेघ मात्र खाली यायला तयार नव्हती. हिरवा पट्टा वरच्या वर उभा होता.

तो उठला आणि जाळीला कान लावला. आत हलकीशी घरघर होती, बाकी काही नाही.

"अरे, काय करतोयस? कान जाईल!" नम्रताने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. "एवढी शिट्टी, आणि त्यात डोकं घालतोस?"

"शिट्टी," तो म्हणाला.

ट्रेबल फार चढवला की जुना व्हॉल्व्ह अशी शिट्टी धरतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हातारा झाला होता तो ॲम्प नव्हे. महिनोन्महिने सुदर्शन ट्रेबल वाढवत आला होता, आवाज उजळत नाही म्हणून, आणि तिकडे बँडमधली पोरं कान दाबून बसत होती. त्याला विलक्षण भीती वाटली. रडावंसं वाटलं. मग तो ॲम्पसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने ट्रेबलच्या बटणावर हात ठेवला.

"थांबलं की मला सांग."

इतक्या दिवसांचा राग नम्रताच्या चेहऱ्यावरून उतरत गेला. त्याच्या जागी जे आलं त्यापेक्षा राग परवडला असता. तो बटण मागे फिरवत राहिला. अर्ध्याच्याही खाली आल्यावर तिचे हात कानांवरून निघाले. ओठ हलले.

"थांबलं?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. हिरवा पट्टा खाली आला होता.

टेबलावर फोन उजळला. अभिनव विचारत होता, 'काय साहेब, पाठवताय ना?' सुदर्शनने बराच वेळ अक्षरांवर अंगठा धरला. मग लिहिलं, 'टोन पाठवतो. मिक्स सूरजला करू दे.'

"डॉक्टरकडे जायचं?" नम्रताने त्याच्यासमोर येऊन, सावकाश विचारलं.

"जाऊ. आधी हे नीट करू." त्याने गिटार गळ्यात अडकवली आणि तिला खुर्ची दिली. "वाजवतो. टोचलं तर हात वर कर."

त्याने पहिला कॉर्ड छेडला. त्याला तो भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला, बोथट, सगळं तेज गेलेला. त्याने दुसरा छेडला, मग एक जुनी धून धरली, आणि वाजवता वाजवता तिच्या हाताकडे बघत राहिला. नम्रताचा हात मांडीवरून हलला नाही.