शिवण बाहेर, मऊ बाजू आत

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळ्या रंगाची. अंगावरच्या रंगाचे पोपडे उडाले आहेत आणि मधूनच मी कुरकुरते, पण टाका अजूनही नाकासमोर सरळ घालते. हे मीच सांगते आहे, कारण हल्ली दुसरं कोणी सांगत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दुकानाच्या काचेआड बरेच दिवस मी नुसती मिरवत उभी होते. मग एका मावशीने मला आपल्या भाचीसाठी विकत घेतलं. भाची शिवण शिकली, तिचं लग्न ठरलं, आणि मशीन बरोबर आली तरच मी सासरी जाईन म्हणून ती हटून बसली. तेव्हापासून मी तिच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीशी आहे.

काय काय शिवलं आम्ही! गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचा नवरा बस चालवायचा, त्याच्या जाड्या कंडक्टरची पँट तर कितीदा सैल करून दिली. गिऱ्हाइकं कपडा उलटा करून आतली शिवण बघायची आणि म्हणायची, "हिच्या कामात खोट काढून दाखवा!" कौतुक तिचं व्हायचं, पण फुगायचे मी.

पुढे तिला मुलगी झाली. गुटगुटीत, म्हणून सगळे तिला ठमी म्हणू लागले. रांगायला लागली तशी ठमी थेट माझ्या पायाशीच आली. मी चालू झाले की माझ्या लाकडी फळीला गाल लावून ती फिरणाऱ्या चाकाकडे एकटक बघत बसायची. मला कोण आनंद! तिच्या आईचा चेहरा मात्र उतरायचा.

"ठमे, इकडे बघ ना. अगं, आई हाक मारतेय!"

ठमी बघायची नाही. शेजारची तिच्या वयाची मुलं चुरूचुरू बोलू लागली, बोट दाखवून हे दे, ते दे म्हणू लागली. ठमी डब्यांची झाकणं एका ओळीत मांडत राहायची आणि ओळ मोडली की आकांत करायची. बालवाडीच्या बाईंनी एक दिवस आईला बाजूला घेऊन सांगितलं, "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." त्या दिवशी घरात चांगलीच वाजली.

"मीसुद्धा उशिराच बोललो होतो," बाबा म्हणाले. "येईल सगळं हळूहळू."

"बोलण्याचं नाही हो म्हणत मी. ती माझ्याकडे बघतच नाही. मी असले काय नि नसले काय, तिला सारखंच."

डॉक्टरांकडे जायचं ठरायचं आणि राहून जायचं. दोघांनाही भीती वाटत होती, पण बोलून कोण दाखवणार?

ठमीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आईने चंग बांधला. गुलाबी सॅटिनचा फ्रॉक, आतून जाळी, गळ्याला लेस, बाह्यांना चुण्या. पुढच्या वर्षी उसवून मोठा करता यावा म्हणून आत भरपूर माया सोडलेली. इतकं देखणं काम माझ्या सुईखालून कधी गेलं नव्हतं. चार माणसं जमली. फ्रॉक अंगात गेला मात्र, ठमीने किंकाळी फोडली. गळा ओढला, जमिनीवर लोळली, शेवटी फ्रॉक काढून भिरकावला.

"फारच लाडावून ठेवलीय हो," आत्या म्हणाली.

आईने फ्रॉक उचलून घेतला. माणसं गेल्यावर तिने तो फ्रॉक माझ्यावर टाकला, वरून कव्हर ओढलं आणि म्हणाली, "माझ्या हातचं काही नको हिला. मीच नकोय."

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस फार वाईट गेले. तेल वाळलं, पट्टा सैल पडला. गिऱ्हाइकं दारातून परत जाऊ लागली. आई माझ्यासमोरच्या स्टुलावर यायची, माझ्यावर डोकं टेकायची आणि रडायची. "ही पोटात होती तेव्हा माझंच काही चुकलं का?" असं विचारायची. नाही गं बाई, तुझं काहीसुद्धा चुकलं नाही, एवढं सांगायला मला तोंड हवं होतं. मला नुसती खडखड करता येते, आणि तेव्हा तीही बंद होती.

मग एका दुपारी ठमीने माझं कव्हर खेचलं. तिला चाक हवं होतं, दुसरं काय! कव्हराबरोबर फ्रॉकही खाली पडला. आता ही तो फाडणार म्हणून आई धावली. पण ठमी सॅटिनची गुळगुळीत बाजू गालावरून फिरवत शांत बसली होती. आई तिथेच थबकली. मग तिने फ्रॉकची आतली बाजू स्वतःच्या मानेवर घासून पाहिली. जाळीच्या कडा, लेसची टोकं, दोऱ्यांच्या गाठी. पुन्हा एकदा घासली.

"अगं बाई! हे टोचत होतं होय तुला?"

तिने मला पुसलं, तेल घातलं, पट्टा ताणला. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीचा एक साधा फ्रॉक बेतला आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. माझे टाके असे उघड्यावर! मला तर लाजच वाटली. ठमीने मात्र तो घातला आणि दिवसभर अंगातून काढला नाही. संध्याकाळी तिने आईचा हात धरला, तिला ओढत आणलं आणि तो हात माझ्या चाकावर ठेवला. चालव, म्हणून. नजर चाकावरच होती, पण हात आईचा धरला होता. आईने दोरा काढून ठेवला आणि सुईखाली कापड नसताना ती मला कितीतरी वेळ चालवत राहिली.

"उद्या जाऊया डॉक्टरांकडे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना बाबा घुटमळले. "लोक म्हणतील, फ्रॉक उलटा घातलाय."

"म्हणू देत."

बाबा आत गेले ते लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांच्या अंगात शर्ट उलटा होता.

"अहो, हे काय?"

"बटणं काही लागत नाहीयेत आतून," ते म्हणाले. "तू लाव."

आईला हसू फुटलं आणि बटणं लावता लावता रडूही आलं.

ती तिघं परत आली तेव्हा आई माझ्यासमोरच बसली. "ऑटिझम असू शकतो म्हणाल्या डॉक्टर. अजून तपासावं लागेल. पण शिकवायला आत्तापासूनच लागा म्हणाल्या." मग ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

"मलाही," बाबा म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. तोवर ठमीने दोघांचेही हात ओढून माझ्या चाकावर नेले होते.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखी कोणी जुनी मशीन असेल तर तिला अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या, तिच्यावर कव्हर टाकून तिला विसरू नका. आणि रस्त्यात उलटा फ्रॉक घातलेली एक मुलगी दिसली, शेजारी उलट्या शर्टातले तिचे बाबा दिसले, तर हसू नका. तो फ्रॉक आतून फार मऊ आहे. मला ठाऊक आहे, तिच्या आईने आणि मी मिळून शिवलाय.