रेडा पाण्यात होता

यतीन ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या हॉस्पिटलात मशिन्स दुरुस्त करायचा. डिसेंबरमध्ये तो सिडनीला नव्या नोकरीवर जाणार होता. चारुताने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिथे पॅरामॅटाला घरसुद्धा बघून ठेवलं होतं. त्याआधी त्याला एक रानरेडा मारायचा होता. शिकारीचं लायसन्स काढून तीन वर्षं झाली होती आणि रानडुकरांपलीकडे त्याची मजल गेली नव्हती.

त्याने तयारी मात्र कसून केली होती. जनावर सात-आठशे किलोचं, जाड कातडीचं. हलक्या गोळीने ते नुसतं जखमी होतं आणि उलटून अंगावर येतं. म्हणून त्याने जड रायफल घेतली आणि खांदा काळानिळा होईपर्यंत रेंजवर सराव केला. ऋतूचाही त्याने विचार केला होता. पावसानंतर सगळीकडे पाणी असतं, तेव्हा रेडे लांबलांब पांगतात. कोरडा सीझन सरत आला की पाणी आटतं आणि ते उरलेल्या डबक्यांभोवती गोळा होतात. ऑगस्टचा शेवट त्याने पक्का केला, एका स्टेशनच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानाच्या, मालकाची परवानगीही मिळवली.

बरोबर येणाऱ्या मित्राची, प्रतापची, शिफ्ट दोनदा बदलली. प्रताप गॅस प्लांटवर होता, त्याआधी मेलबर्नला असताना त्याने तिकडच्या डोंगरात सांबरं मारली होती. यतीनला एकट्याने जायचं नव्हतं, म्हणून तो थांबला. थांबता थांबता ऑक्टोबर उजाडला आणि उकाडा अंगाला चिकटायला लागला.

निघताना प्रतापने एकच एस्की, म्हणजे बर्फाची पेटी, आणली. यतीनने विचारलं, तर म्हणाला, सांबराचं मांस आम्ही पाठीवर टाकून आणलं होतं, तुझं काय इतकं? यतीनने स्वतःच्या तीन मोठ्या एस्क्या बर्फाने भरल्या.

बिलाबाँगवर, म्हणजे नदीपासून तुटून उरलेल्या डोहावर, पोचले तेव्हा रेडे दिसले, आणि एकदोन नाही, चांगला वीस-पंचवीसचा कळप. पण आता एवढंच पाणी उरलं होतं आणि उन्हं चढली की सगळे त्यात उतरत होते. नुसती डोकी आणि शिंगं वर. सर्वांत मोठा रेडा काठापासून हाकेच्या अंतरावर चिखलात बसला होता.

"मार ना," प्रताप कुजबुजला.

"पाण्यात मारून बाहेर कोण काढणार? तू?"

समोरच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. प्रतापने तिच्याकडे पाहिलं आणि तो काठापासून दोन पावलं मागे सरला.

दुपार तशीच गेली. रेडा हलला नाही. माश्या, घाम, आणि सावलीला जेमतेम एक झाड. सूर्य खाली गेल्यावर तो उठला खरा, पण पाठ करून सरळ झाडीत शिरला. नीट बाजू दिसली नाही, म्हणून यतीनने गोळी झाडली नाही. प्रताप चिडला. एवढा मोठा आहे, कुठेही लागली तरी पडेल, असं त्याचं म्हणणं. नाही पडणार, यतीनने सांगितलं. रात्री ते कॅम्पवर राहिले. प्रताप बिअर काढायला यतीनच्याच एस्क्या उघडत राहिला. यतीन दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा त्याने सोडून दिलं.

पहाटे तोच रेडा उघड्यावर आला. ऐंशी मीटरवर, आडवा, खांदा पूर्ण दिसत होता. यतीनने रायफल टेकवली. वारा तोंडावर होता. बोट ट्रिगरवर गेलं आणि त्याला रात्रीचा बर्फ आठवला. एस्क्यांत पाणीच जास्त होतं. घरी जायला चार तास, त्यातला अर्धा कच्चा रस्ता, आणि एवढं जनावर सोलून तुकडे करायला सकाळ पुरणार नव्हती. या उन्हात मांस दुपारपर्यंत टिकलं नसतं.

त्याने बोट काढून रायफलची सेफ्टी लावली.

"अरे, काय करतोयस?" प्रताप म्हणाला. "जेवढं मावेल तेवढं नेऊ. बाकीचं राहू दे."

"बाकीचं म्हणजे सहाशे किलो. कुजायला?"

"नाहीतरी फेरलच आहेत, रानात मोकाट सुटलेले. सगळे मारतात आणि सोडून देतात."

"मग तू मार," यतीन म्हणाला आणि रायफल पुढे केली.

प्रतापने ती घेतली नाही. रेडा थोडा वेळ त्यांच्या दिशेने हुंगत राहिला, मग सावकाश पाण्याकडे वळला.

परतीच्या रस्त्यावर प्रतापने एकदा विषय काढून पाहिला. शिफ्ट माझ्या हातात नव्हती रे, असं म्हणाला. यतीनला प्रतापचा राग आला होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. ऑगस्टमध्ये रात्री थंड होत्या, बर्फ टिकला असता, रेडेही दिवसा बाहेर चरताना मिळाले असते. जायचं होतं तर एकट्याने जायला हवं होतं, आणि एकट्याने जायची त्याला भीती वाटली होती. ही गोष्ट त्याने प्रतापला सांगितली नाही.

घरी चारुताने दार उघडलं. त्याचा चेहरा पाहून तिने आंघोळीला गार पाणी आहे एवढंच सांगितलं. तो बूट न काढता पायरीवर बसला.

"पुढच्या वर्षी सिडनीहून परत येऊ आपण," ती म्हणाली.

"नाही येणार," तो म्हणाला. "तुलाही माहितीये."

ती त्याच्या शेजारी बसली. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.