अक्रोडाची फळी आणि खोक्याचं लाकूड

आमच्या थोरलीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे एकदम लागले. मिस्त्रींनी पहिला पाळणा केला, दुसरा केला आणि हात चालूच आहेत म्हणून तिसरी वस्तू करायला घेतली. ती म्हणजे आमच्या बारकीची इलेक्ट्रिक गिटार.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. ते लाकूड घडवायचे, मी पॉलिश आणि रंग करायची. बारकी आमची धाकटी मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची. लहानपणापासून ती आमच्या कारखान्यात फिरकायची नाही. भुसा नाकात जातो म्हणायची. शाळा सुटली की थेट मामाच्या दुकानात. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. रेडिओ, पंखे, स्पीकर, वायर असलेलं काहीही तो दुरुस्त करायचा. गिटार वाजवायला बारकी तिथेच शिकली, दुरुस्तीला आलेल्या गिटारींवर.

महिनाभराने सभागृहात तिचं पहिलं वादन होतं. मिस्त्रींनी माळ्यावरून अक्रोडाची फळी काढली. त्यांच्या वडिलांनी आणलेली, तीस वर्षं वाळलेली. त्यांनी बोटाच्या पेराने ती वाजवली आणि कान लावून हसले.

तेवढ्यात माझा भाऊ आला.

"दाजी, ही फळी कापताय? गिटारीसाठी?"

"मग काय पाटासाठी?"

"अहो, इलेक्ट्रिक गिटार आहे ती. तारेखाली चुंबक असतं. ते फक्त तारेचं ऐकतं. खाली अक्रोड आहे का भोपळा, त्याला पत्ता नसतो. खोक्याच्या पाईनची करा, तोच आवाज येईल."

"पाहुणे, लाकडाला आवाज नसतो हे तुम्ही सुताराला सांगताय?"

"आवाज असतो. वायरीतून जात नाही, एवढंच म्हणतोय."

झालं. चार दिवस दोघांची तोंडं दोन दिशांना. जेवताना मिस्त्री मला म्हणाले, "चुंबक त्याचं, वायर त्याची, स्पीकर त्याचा. वाजवायलाही त्याच्याकडेच शिकली. म्हणजे मी काय, तारा टांगायची खुंटी?" आणि पानावरून उठले. तेव्हा मला कळलं की हे भांडण लाकडाचं नाही. पोरीच्या वाजवण्यात आपलं काहीतरी असावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

शेवटी बारकीनेच तोडगा काढला. "दोन करा. एक अक्रोडाची, एक खोक्याची. बाकी सगळं सारखं. पडद्यामागून वाजवते. ओळखा."

दोघेही ईर्षेला पेटले. मिस्त्रींनी एकाच नमुन्यावरून दोन्ही अंगं कापली. माना एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या. भावाने एकाच रिळाची तार मोजून वेढे देत चुंबकांचे दोन जोड केले. पाईन हलकी भरली, तेव्हा मिस्त्रींनी मागच्या झाकणाआड शिशाचे तुकडे बसवून दोन्हींचं वजन एक केलं. मी दोन्हींना काळ्या रंगाचे सात हात दिले. आरशासारख्या झाल्या. भांग पाडावा तर त्यात बघून. खुणेसाठी अक्रोडाच्या गिटारीला, खांद्याचा पट्टा अडकवायच्या घुंडीखाली, लाल दोरा बांधला, कारण रंगाच्या सात हातांखाली पेन्सिल टिकत नाही. आता त्यांचं तेच जाणोत, असं म्हणत मी हात धुतले.

सुट्टीच्या दुपारी कारखान्यात मधोमध चादर टांगली. चादरीच्या पलीकडे मिस्त्री, भाऊ आणि शेजारची शिवणवाली. तिचा कान चांगला म्हणून तिला पंच केलेली. अलीकडे डोळ्यांवर टॉवेल बांधलेली बारकी आणि गिटारी हातात द्यायला मी. कुठली आधी द्यायची ते माझ्यावर. मी आधी पाईनची दिली.

बारकीने एक लहानशी सुरावट वाजवली. मी गिटार परत घेतली. काळ्या रंगावर बोटांचे ठसे उमटले होते. ठसे दिसले की माझा हात थांबत नाही. फडक्याने पुसून ती दुसरीशेजारी घोंगडीवर ठेवली.

"ताई, झोपलीस का?" पलीकडून भाऊ ओरडला.

"देते, देते! तुझ्यासारखे चार हात नाहीत मला!"

गडबडीत एक उचलली, वायर जोडली, दिली. बारकी क्षणभर थांबली. मग तीच सुरावट पुन्हा वाजवली.

पलीकडे आधी शिवणवाली बोलली. "अगंबाई! पहिली म्हणजे ताटावर चमचा. दुसरी मात्र मधासारखी."

"दुसरी अक्रोडाची!" मिस्त्री उभेच राहिले. "शंकाच नको. ऐकलं का पाहुणे? कसा भरलेला आवाज, कसा रेंगाळतोय!"

भाऊ डोकं खाजवत म्हणाला, "नाही म्हणजे... दुसरी जरा गोल वाटली खरी."

मिस्त्रींनी त्याला मिठीच मारली. इतक्या दिवसांचा अबोला तिथेच संपला.

मी हसत खाली बघितलं आणि माझं हसू जिरलं. लाल दोरा घोंगडीवर होता. अक्रोडाच्या गिटारीला अजून कोणाचा हातच लागला नव्हता. जन्मभर मी पुसलेली वस्तूच गिऱ्हाइकाच्या हातात दिली होती. हात आपोआप पुसलेलीकडे गेला होता. दोन्ही वेळा पाईनच वाजली होती.

बारकीने टॉवेल वर सरकवला आणि माझ्या कानाशी आली. "आई, तारा गरमच होत्या. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच काहीतरी ठरवलं असशील म्हटलं."

पलीकडे मिस्त्री फळीची कहाणी सांगत होते, वडिलांनी ती कशी खांद्यावरून आणली ते. इतके खूश मी त्यांना जुळ्या झाल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. वाटलं, राहू दे, कोणाचं काय बिघडतंय? पण खोटं पॉलिश मी कधी केलं नव्हतं. खालची भेग आज ना उद्या वर येतेच. चादर बाजूला केली आणि सांगून टाकलं.

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. भाऊ जो हसत सुटला! मांडी बडवत, डोळे पुसत. "खोक्याचं लाकूड, दाजी! मधासारखं खोकं!"

मिस्त्रींनी सावकाश मान वर केली. "आणि गोल कोण म्हणालं?"

भावाचं हसणं जागीच थांबलं.

"चुंबकाला पत्ता नसतो ना, पाहुणे? मग एकच गिटार दुसऱ्यांदा गोल कशी झाली?"

शिवणवालीने तोंडाला पदर लावला. बारकी खाली बसून पोट धरून हसायला लागली आणि मग आम्हा कोणालाच आवरेना. शेवटी मिस्त्रींनाही उचकी लागेपर्यंत हसू फुटलं.

मग खरी अक्रोडाची वाजवली. वाजवून झाली. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

"फरक आहे असं मी म्हणत नाही," भाऊ म्हणाला. "नाही असंही म्हणत नाही."

मिस्त्री उठून रंधा आवरायला लागले. पाठ आमच्याकडे. "असू दे," म्हणाले, "पाईनची घेऊन जा. अक्रोडाचं काही होईल दुसरं."

बारकीने वायर उपटून काढली. "बाबा, इकडे या. इथे मागे हात ठेवा." अक्रोडाची गिटार तिने पोटाशी धरली आणि वायरीशिवायच एक जाड तार छेडली. मिस्त्रींचा तळवा गिटारीच्या पाठीवर होता. मग तिने पाईनची घेतली, तीच तार छेडली. मिस्त्री पुन्हा अक्रोडाकडे वळले.

"ही जास्त वेळ थरथरते," ते हळूच म्हणाले.

"थेट बरगडीत जाते. हिच्यावर मला घाई करावीशी वाटत नाही."

"पण हे लोकांना कुठे ऐकू जाणार?"

"लोकांना नाही, मला जातं. वाजवायचं मला आहे ना? मी हीच घेणार. फक्त हिची कड फार टोचते हो, बाबा. इथे बरगडीला आणि इथे हाताला."

"कुठे? दाखव!" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढलीसुद्धा.

त्यानंतर आठ दिवस बारकी रोज कारखान्यात आली. नाकाला रुमाल बांधून उभी राहायची. मिस्त्री गिटारीच्या पाठीकडून थोडं तासायचे, तिला गिटार धरायला लावायचे, पुन्हा कानस फिरवायचे. "श्वास घे. सोड. आता टोचतं?" "थोडं खाली." "इथे?" "इथेच." माझे सात हात वाया गेले. भाऊ दारातून डोकावून विचारायचा, "दाजी, एवढं लाकूड काढलंत, आता आवाज बिघडणार नाही?" आणि मिस्त्री त्याला भुशाने मारायचे. आठव्या दिवशी ती गिटार तिच्या अंगाला अशी बसली की वाकून बुटाची नाडी बांधली तरी सरकेना. मी पुन्हा सात हात दिले.

सभागृहात ती छान वाजवून गेली. टाळ्या थांबत नव्हत्या. बाहेर दोन पोरांनी माझ्या भावाला गाठून चुंबकांना किती वेढे दिलेत ते विचारलं आणि तो कोंबड्यासारखा मान ताठ करून सांगत सुटला. मिस्त्रींना कोणी काही विचारलं नाही. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. बारकी घामाने निथळत मंचावरून उतरली, तसे ते पुढे झाले.

"टोचली का?"

"नाही हो, बाबा. आहे की नाही तेच कळत नव्हतं."

मिस्त्री घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

मिस्त्री त्यानंतर अकराव्या वर्षी, थंडीत, एका गुरुवारी सकाळी वारले. माझा भाऊ त्यांच्यामागून दोन वर्षांनी उन्हाळ्यात गेला.