सगळ्यात हलक्या पापण्या

पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांना एक गोष्ट काही केल्या पटत नाही, ती म्हणजे डोळ्यावरच्या केसालाही ओझं होतं. पापण्या जाडजूड हव्यात, गच्च हव्यात, लांबूनसुद्धा दिसल्या पाहिजेत. अहो, डोळ्यावर काय केरसुणी बांधायची आहे? चिमटी असं तोंडावर बोलायची नाही, पण मनात रोज बोलायची. चिमटी म्हणजे पार्लरच्या आतल्या खोलीत खोट्या पापण्या लावणारी. लहानपणी येताजाता चिमटे काढायची म्हणून थोरल्या बहिणीने, ताईने, हे नाव ठेवलं होतं. पुढे पोटापाण्यासाठी हातात आले तेही चिमटेच. त्यावरून ताई तिला अजून चिडवायची.

कामात मात्र चिमटी कुणाचं ऐकायची नाही. तिच्या ट्रेमध्ये खोट्या केसांच्या पट्ट्या ओळीने लावलेल्या असत, तीनची, पाचची, सातची, दहाची, पंधराची. हे आकडे केसाच्या जाडीचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेले. तीनची म्हणजे बोटाला कळतसुद्धा नाही, आणि पंधराची म्हणजे बहुतेकींच्या स्वतःच्या केसाहून जाड. जाडी दुप्पट केली की वजन चौपट होतं, हे ती प्रत्येकीला न कंटाळता सांगायची. आधी भिंगाखाली एकेक केस वेगळा करून बघायचा, नुकता उगवलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही, आणि मगच पट्टी निवडायची. मालकीणबाई कुरकुरायच्या, "अगं, बाई मागतेय तर दे की. आपलं काय जातं?"

"आपलं नाही, तिचं जातं," चिमटी म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा. आठ वर्षांत तिच्या हातून एकाही बाईच्या पापण्या गळल्या नव्हत्या. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

ताई पोस्टाच्या काउंटरवर काम करायची. मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, पापण्यांचे केसही गेले. टोपी घालून डोकं झाकता येतं, भुवया पेन्सिलीने काढता येतात, पण डोळ्यांचं काय करणार? केमो संपल्यावर चार महिन्यांनी पापण्यांवर बारीक लव उगवली आणि बाईसाहेब पार्लरमध्ये हजर झाल्या.

"सोमवारपासून कामावर जातेय," ताई पलंगावर आडवी होत म्हणाली. "त्या खिडकीतून लोकांना माझं फक्त तोंड दिसतं. जो येईल तो तिकीट मागायच्या आधी तब्येत विचारणार. मला नकोय ते. मस्त पंधराच्या लाव, म्हणजे बघणारा गप्प बसेल."

"पंधराच्या लावल्या तर पोस्टातून परत येईपर्यंत सगळं गळून हातात येईल."

"मग तू कशाला आहेस? फुकट नाव काढलंस होय?"

"डोळे मीट आणि तोंडही मीट," चिमटी म्हणाली.

भिंगाखाली बघितलं आणि तिचा जीव गलबलला. इतरांच्या पापणीवर म्हातारा, तरणा, कोवळा असा सगळ्या वयाचा केस असतो. ताईचे सगळेच्या सगळे एका वयाचे होते, बाळाच्या जावळासारखे. नियमाने तिने ताईला घरी पाठवायला हवं होतं. पण सोमवारी त्या खिडकीमागे बसलेली ताई तिला दिसत होती, आणि नाही म्हणायला जीभ रेटेना. तिने तीनची पट्टी काढली, सगळ्यात हलकी आणि सगळ्यात आखूड, आणि त्यातल्या त्यात धीट वाटलेल्या केसांवर एकेक करून लावत गेली. एरवी दीड तासाचं काम, तिला तीन तास लागले. ताई मध्येच झोपून गेली. उठल्यावर तिने आरसा घेतला, एकेक डोळा मिटून बघितला. मग म्हणाली, "आले गं मी परत."

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ताई पार्लरच्या दारात उभी राहिली. हातात कागदी रुमालाची घडी होती. आतल्या खोलीत आल्यावर तिने दार लावलं आणि घडी उघडली. आत केसच केस, खोटे आणि खरे, एकमेकांना चिकटलेले. दोन दिवसांत सगळं गळालं होतं.

"खरं सांग," ताई म्हणाली. "तुझ्या कामामुळे झालं, की ते परत आलंय?"

चिमटीने तिला दिव्याखाली बसवलं. वजनाने केस गळतात तेव्हा जिथे वजन लावलं तिथले गळतात. खालच्या पापणीला तर चिमटीने बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि तिथेही दोनच केस उरले होते. म्हणजे ताईची भीतीच खरी असणार. तिचं काम चुकलं नव्हतं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "तू एवढं मागत होतीस, मला तुझं मन मोडवेना. तुझा डोळा लागला तेव्हा मी दहाच्या लावल्या. तुझ्या केसांना ते पेललं नाही."

ताईचा जीव असा भांड्यात पडला की ती रडायलाच लागली, आणि रडता रडता शिव्या द्यायला लागली. "गाढवे, बहीण आहेस की वैरीण? मी दोन दिवस घास गिळला नाही. तुझ्या भावोजींना सांगितलं नाही, माझ्या मनाने तर मी मेलेसुद्धा होते." चिमटी मान खाली घालून ऐकत होती. जाताना ताईने तिच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला आणि हसत बाहेर पडली.

मग काय, ताईचं तोंड कोण धरणार? पोस्टात, शेजारी, नात्यात, जिथे जाईल तिथे तिने धाकटीच्या नावाने तोंडसुख घेतलं. मोठ्या मायेने घेतलं, पण घेतलं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी ठरलेली वेळ रद्द केली. मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं, "सगळ्यांना नियम शिकवतेस आणि घरच्याच माणसावर असा प्रयोग? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." चिमटीने तेही गिळलं. सगळं खापर तिने आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

आठव्या दिवशी भावोजींचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाले, "तुझी ताई मजेत आहे. परवा केमोनंतरची तपासणी ठरली होती, ती पुढे ढकललीय तिने. म्हणते, मला काही झालेलं नाही, पापण्यांचा उलगडा झालाय, आता उगाच सुया कशाला टोचून घेऊ?"

चिमटीने हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवून दिला. माणूस खोटं बोलतो तेव्हा ते किती लांब चालत जाईल याचा हिशोब कोण करतं? बहिणीने दोन घास सुखाने खावेत, तिने तर एवढाच विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशी, ती पोस्टात गेली. जेवणाची सुट्टी होती. मागच्या खोलीत ताई एकटीच डबा खात होती. चिमटीने समोर बसून सगळं सांगून टाकलं. तीनच्याच लावल्या होत्या. काम चुकलं नव्हतं. खालच्या पापण्याही गळल्यात, त्यांना मी हात लावला नव्हता. ताई, तपासणीला चल.

ताईने घास खाली ठेवला. डबा बंद केला, नळाखाली धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. मग साहेबांना सांगून आली आणि म्हणाली, "चल."

तपासण्या झाल्या, सुया टोचल्या, आणि चार दिवसांनी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. पापण्यांचं ऐकून बाई सहज म्हणाल्या, "हे पुष्कळ जणींना होतं. केमोनंतर सगळे केस एकदमच उगवतात, म्हणून गळतातही एकदमच. पुन्हा येतात. त्याचा आजाराशी काही संबंध नाही." तेवढ्यात बाईंनी कागद उलटला आणि त्यांचा आवाज बदलला. ते यकृतात पोचलं होतं, एका जागी नाही, तीन जागी.

"आधी आलो असतो तर?" चिमटीने विचारलं.

"आठ-दहा दिवसांनी काही फरक पडला नसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावोजी औषधं आणायला गेले. दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरून माणसं फायली घेऊन जात-येत होती. चिमटीला ताईचे पाय धरावेसे वाटत होते.

"माझं चुकलं, ताई," ती म्हणाली. "मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं."

ताईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं की अडायला तिथे काहीच नव्हतं, सरळ गालावर येत होतं.

"नाही गं," ताई म्हणाली. "वर्षभरात तेवढेच नऊ दिवस मी सुखाने झोपले. रोज सकाळी उठून तुला शिव्या घालायच्या, आणि कामावर जायचं. बाई म्हणाल्याच ना, फरक पडला नसता म्हणून. अजून थोडे दिवस खोटं का नाही बोललीस?"

चिमटी तिचा हात धरून तशीच बसून राहिली.