कुंकवाच्या अलीकडे

कोरी डीव्हीडी निवडायचा सविताबांचा नियम सोपा होता. जिच्यात आपलं तोंड स्वच्छ दिसतं ती चांगली. या नियमाने त्यांनी आणंदच्या दुकानदाराला दहा डब्या उघडायला लावल्या आणि पाच पसंत केल्या. शेजारधर्म म्हणून मी बरोबर होतो. दुकानदाराने माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली.

काम नाजूक होतं. त्यांची थोरली बहीण डाहीबा बहात्तर साली इंग्लंडात लेस्टरला गेली ती परत आलीच नाही. आता ती तिथल्या हॉस्पिटलात होती आणि डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत सांगितली होती. तिला एकच हवं होतं, आईचा आवाज. आईला जाऊनही सतरा वर्षं झालेली. तो आवाज उरला होता फक्त सविताबांच्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेटवर, अगदी शेवटी, जिथे आई जेवणाऱ्या व्याह्यांना टोमणे मारत फटाणं गाते. संक्रांतीच्या पतंगांसाठी आलेला डाहीबांचा नातू केतन दुपारी तीनला विमानतळाकडे निघणार होता.

आणि तो निघणार तो दिवस वासी उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा. पेटलादचा बाजार बंद, गाव गच्चीवर. सविताबांच्या शब्दाखातर जयमीनने आपल्या व्हिडिओ स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं. कॅसेट सकाळीच संगणकात उतरली होती. सविताबांनी पहिली डीव्हीडी दोन्ही हातांनी त्याच्या हाती दिली, छापील बाजू वर. साठ टक्क्यांवर यंत्र थांबलं. दुसरीही साठवरच थांबली. घड्याळात दोन वाजले.

जयमीनने डीव्हीडी उलटी केली. चकचकीत बाजूवर, काठापासून बोटभर आत, तुपात कालवलेल्या कुंकवाचा टिळा होता. वर तांदळाचे दोन दाणे.

"बा, हे काय?"

"चांदला. नवी वस्तू चांदल्याशिवाय वापरायची?"

"पण या बाजूला?"

"मग काय पाठीला लावू? तोंड दिसतं तीच तोंडाची बाजू."

जयमीनने समोर पाहिलं. त्याच्या संगणकालाही त्याच्या आईने चांदला लावला होता, तो अजून मॉनिटरच्या कपाळावर होता.

"पाचही डीव्हीडींना लावलाय?"

"एकीला लावून बाकीच्यांना तसंच ठेवू?"

केतनने तिसरी उचलून रुमालाने पुसली. कुंकू कडेपर्यंत पसरलं आणि तांदळाने चरा ओढून आपली सही केली. यंत्राने तिला ओळखही दाखवली नाही. उरल्या दोन.

"यंत्र आतून बाहेर लिहीत येतं," जयमीन हळू म्हणाला. "कुंकवाच्या अलीकडे थांबलो तर चालेल. पण पिक्चर जवळजवळ अर्धं कापावं लागेल. आणि वेळ एकदाच लिहिण्यापुरता आहे."

"मग काप की."

"काय कापू ते सांगा."

सगळ्यांनी एकाच वेळी एकाच खुर्चीकडे बघितलं आणि एकाच वेळी नजर वळवली. खुर्चीत कनुकुमार बसले होते, सविताबांचे जावई. एक तासाच्या त्या कॅसेटमध्ये पहिली पंचवीस मिनिटं ते घोडीवर होते. वरात इतकी हळू चालली होती की घोडी दोनदा जांभई देताना दिसते.

जावयाला त्याची घोडी कापतो असं सांगायची रीत आमच्याकडे नाही. जयमीनने चष्मा पुसला. मी पंख्याकडे बघत राहिलो. सव्वादोन वाजले.

"जेवणाच्या पंगती कापल्या तर?" कनुकुमार म्हणाले.

"गाणं पंगतीतच आहे, मासाजी," केतन म्हणाला.

"मग विधी कापा."

"म्हणजे लग्नाशिवायच घोडीवर फिरलात असं दिसेल," सविताबा म्हणाल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या जावयासमोर उभ्या राहिल्या. "कनुकुमार, अठरा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज घोडीवरून उतरा."

कनुकुमारांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यालाच होकार समजून जयमीनने कात्री चालवली आणि चौथी डीव्हीडी आत सरकवली.

चाळीस टक्के झाले, साठ झाले. खाली केतनच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. नव्वदवर आकडा थबकला, तशी सविताबांनी टेबलाची कड धरली. मग ट्रे बाहेर आला. लिहिलेला पट्टा गडद दिसत होता आणि कुंकवाच्या अलीकडे केसभर अंतरावर संपला होता. चालवून बघायला वेळ नव्हता. केतन ती घेऊन जिन्यावरून पळाला.

दोन दिवसांनी सविताबांच्या घरी फोन वाजला, तेव्हा कनुकुमार आणि मी तिथेच होतो. पलीकडे आधी गाणंच ऐकू आलं. म्हाताऱ्या, खणखणीत आवाजात: जमाई आले घोडीवर, पोट मागून गाडीवर. सविताबांनी पदर तोंडाशी धरला. गाणं संपलं, पुन्हा लावलं गेलं, पुन्हा संपलं.

मग डाहीबांचा बारीक आवाज आला. "सविता, आई घोडीचं गाते, पण घोडी कुठाय? मला घोडी बघायचीय."

सविताबांनी रिसीव्हर कनुकुमारांपुढे धरला.

"मी सांगत होतो," कनुकुमार म्हणाले, आणि पाचवी डीव्हीडी शोधायला उठले.