जोहोरचा मुक्काम

बांबूवर वाळत घातलेले कपडे एका कडेला सारून मेधाने स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली.

"इथून बघा, अरुणाताई."

अरुणाताई चहाचा कप घेऊन उठल्या. पुण्यातली त्यांची पर्यटन कंपनी तीन वर्षं सिंगापूरला येणारे आपले गट गाईड म्हणून मेधाच्या हवाली करत होती. काल अकरा जणांना विमानात बसवून त्या स्वतः मागे राहिल्या होत्या, आणि आज सकाळी सातला सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या या चौदाव्या मजल्यावर, मेधाच्या घरी हजर होत्या. पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक दुपारी छापायला जाणार होतं. त्यात महागलेलं सिंगापूर ठेवायचं की गाळायचं, हे त्यांना त्याआधी ठरवायचं होतं. गाळलं तर मेधाचं कामही गेलं. तिच्याकडे दुसरी कंपनी नव्हती.

तोडगा अरुणाताईंनी काल टॅक्सीतच सांगितला होता. गटाचा मुक्काम पलीकडे, मलेशियात, जोहोरला. तिथली हॉटेलं निम्म्याहून स्वस्त. रोज सकाळी सिंगापूर पाहायला यायचं, संध्याकाळी परत. मेधा तेव्हा एवढंच म्हणाली होती, "उद्या घरी चहाला या."

खाली जोहोरला जोडणारा समुद्रावरचा रस्ता, कॉजवे, दिसत होता. जोहोरकडून आलेल्या मोटारसायकली, बस, ट्रक एकमेकांना चिकटून उभे होते. बसमधून उतरलेली काही माणसं कडेकडेने चालत निघाली होती.

"रोज असं?"

"रोज. सोमवारी विचारूच नका."

अरुणाताईंनी चहाचा घोट घेतला. "लोकांकडे पैसा नाही असं नाही गं. पण हात आखडलाय. जी मुलं आईबापांना तिकीट काढून द्यायची, त्यांनाच पुढच्या वर्षी नोकरी असेल की नाही कळत नाहीये. त्यात डॉलर चढलेला. व्हिएतनाम निम्म्यात होतं. जोहोरमुळे निदान सिंगापूरचं नाव तरी राहील."

"नाव राहील. पण दोन्हीकडे बसमधून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, परत चढायचं. जाताना तेच, येताना तेच. कालच्या गटातल्या स्मिताकाकू आठवा, गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या. अशी माणसं घरी जाऊन इथल्या बागांचं सांगणार नाहीत. दोन तास उभं केलं, हे सांगतील. लोक आधीच बिचकलेत, हे ऐकून कोण येईल?"

"आणि हे तू मला सांगतेस? तुझंच पोट आहे यावर!"

"म्हणून तर सांगतेय."

"आई, नॉट धिस बॉटल, ला!" टेबलाशी बसलेल्या क्षिप्राने इथल्या मुलांसारखा शेवटी 'ला' लावत पाण्याची बाटली दूर ढकलली.

मेधाने निळी बाटली भरून दप्तरात घातली आणि लेकीच्या ओठांवरचं दूध अंगठ्याने पुसलं. दप्तर टांगायच्या खिळ्यावरच मेधाचा गाईडचा परवाना लटकत होता. क्षिप्रा पोटात असताना परीक्षा देऊन मिळवलेला.

"मग काय, गाळून टाकू?" अरुणाताईंनी विचारलं.

मेधाने जरा वेळ दप्तराची चेन नुसतीच पुढेमागे केली.

"चार रात्रींच्या दोन करा," ती म्हणाली. "पण मुक्काम शहरातच. हवं तर व्हिएतनामला जोडून द्या. दोन दिवसांत जे दाखवता येईल ते नीट दाखवीन, कुणाला दमवणार नाही."

"तुझे कामाचे दिवस निम्मे होतील."

"होतील."

"धंदा करतेस की समाजसेवा?"

"धंदाच, ताई. माणसं खूश होऊन गेली, तर दोनाच्या चार आपोआप होतील."

अरुणाताई पुन्हा खाली कॉजवेकडे पाहू लागल्या. शाळेची बस यायची वेळ झाली होती. मेधा क्षिप्राला घेऊन खाली गेली.

ती परत आली तेव्हा अरुणाताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून, पुण्यातल्या ऑफिसच्या माणसाला भल्या पहाटे उठवून, फोनवर बोलत होत्या.

"हो, दोनच रात्री. शहरात. नाही, जोहोर नको, मी स्वतः बघितलंय... आणि हे बघ, खाली एक ओळ घाल. सिंगापूरला सोबत कोण, त्याची. अरे, माहितीये मला, आपण गाईडचं नाव कधी छापत नाही. या वेळी छापायचं." फोनवर हात ठेवून त्या वळल्या. "अगं, तुझं आडनाव काय? माझ्या फोनमध्ये तू नुसती 'मेधा सिंगापूर' आहेस."

"चित्राव," मेधा म्हणाली. मग जवळ जाऊन, पलीकडच्यालाही स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश म्हणाली, "मेधा चित्राव."